सुजलेले चेहरे

पहिला ठोसा बसतो तेव्हा हसू येतं, हे आधीच कबूल केलेलं बरं. विमा विकणारा त्सुदा आपल्या जुन्या शाळासोबत्याच्या, कोजिमाच्या घरी जाब विचारायला जातो. कोजिमाने त्सुदाच्या होणाऱ्या बायकोच्या, हिझुरूच्या जवळ जाण्याचा प्रयत्न केलेला असतो. जाब मनातच राहतो. कोजिमाचा गुद्दा बसतो, नळ फुटावा तसं रक्त उडतं आणि चेहरा वांग्यासारखा काळानिळा होऊन फुगतो. असं काही घडत नसतं, हे पाहणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणूनच तो हसतो. पुढच्या दृश्यात मात्र तोच सुजलेला चेहरा घेऊन त्सुदा जगत राहतो आणि हसू घशात अडकतं.

शिन्या त्सुकामोतोच्या ‘टोकियो फिस्ट’ (१९९५) या चित्रपटाची सगळी गंमत या अडकण्यात आहे. त्याचा आधीचा ‘तेत्सुओ’ (१९८९) कृष्णधवल होता. त्यात माणसाच्या अंगातून लोखंड उगवत होतं. इथे रंग आले आहेत आणि लोखंडाची जागा मांसाने घेतली आहे. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन सगळं त्सुकामोतोचं, आणि त्सुदाची भूमिकाही त्याचीच. कोजिमा झालाय त्याचा सख्खा धाकटा भाऊ कोजी. पडद्यावर ते भाऊ नाहीत, पण ही गोष्ट एकदा कळली की मारामारीकडे बघण्याची नजरच बदलते. मराठी माणसाला इथे भाऊबंदकी हा शब्द आठवल्याशिवाय राहत नाही. फक्त वाटणी जमिनीची नाही. धाडस कोणाच्या वाट्याला आलं आणि भेकडपणा कोणाच्या, याची ती आहे.

या वाटणीमागे एक जुनी जखम आहे. दोघं शाळेत असताना त्यांच्या ओळखीच्या एका मुलीचा खून झाला. आपण बळ कमवू आणि सूड घेऊ, अशी शपथ त्यांनी घेतली. कोजिमा मुष्टियोद्धा झाला. त्सुदा बॅग घेऊन उंच इमारतींच्या पायथ्याशी पॉलिसी विकत फिरू लागला. रौद्र रसातून करुण रस निपजतो, असं भरतमुनीने सांगून ठेवलं आहे. त्सुकामोतो हा क्रम उलटा करतो. करुण आधी घडून गेला आहे, त्याच्यावर नोकरी, फ्लॅट, लग्न ठरणं अशी नीटनेटकी भर पडली आहे, आणि रौद्र ती भर उकरून काढायला आला आहे.

जपानला मुष्टियुद्धाच्या कथांचं वेड जुनं. ‘आशिता नो जो’ ही चित्रकथा-मालिका १९६८ साली सुरू झाली आणि तिच्यातला रिकिइशी मेला तेव्हा, १९७० मध्ये, कवी-नाटककार शुजी तेरायामाच्या पुढाकाराने त्या कागदावरच्या माणसाची खरोखरची अंत्ययात्रा निघाल्यागत शोकसभा झाली. त्या कथेतला ‘जो’ नावाचा नायक उपाशी पोटी लढतो. त्सुदाचं पोट भरलेलं आहे. त्याला कशाचीच भूक लागत नाही, हाच त्याचा आजार. म्हणून गल्लीत सडत पडलेल्या मांजराकडे तो खिळून पाहतो. काचेच्या आणि सिमेंटच्या त्या शहरात खरं, ओलं, नाशवंत असं तेवढंच त्याला दिसलेलं असतं. पुढे तो कोजिमाच्याच जिममध्ये जाऊन दाखल होतो. वरवर कारण मत्सराचं. मला ते निमित्त वाटतं.

मात्र दोन पुरुषांच्या चढाओढीकडेच पाहत बसलो तर चित्रपट निम्मा हातून निसटतो. खरी वाट हिझुरूची आहे, आणि काओरी फुजिईने ती शांतपणे, जवळजवळ कुतूहलाने चालून दाखवली आहे. दोघांपैकी कोणाच्या मालकीची, या त्यांच्या प्रश्नात तिला फारसा रस नाहीच. ती अंग टोचून घेते, गोंदवून घेते, मग धातूच्या कांड्या स्वतःच्या कातडीत रुतवते. ‘तेत्सुओ’त लोखंड माणसावर चाल करून आलं होतं, इथे ती त्याला हाताला धरून आत घेते. तिच्या हातचा मार त्सुदाला बसतो तेव्हा कोजिमाचे ठोसे पोरखेळ वाटू लागतात. तीन पात्रांमध्ये न घाबरता दुखणं सोसणारी तीच एकटी. आडदांड कोजिमा तर पुढच्या लढतीच्या धास्तीने आतून पोखरलेला आहे.

चू इशिकावाचं संगीत या सगळ्याला धातूवर घण पडावेत तसं हाणत राहतं. काही ठिकाणी ते जास्त होतं. कॅमेऱ्याचा थरकापही मधल्या भागात दमवतो आणि खुनाची आठवण फारच घाईने उरकली जाते. त्या मुलीला चेहरा मिळायला हवा होता.

चेहरे मिळतात ते या दोघांना, आणि तेही गमावून. शेवटाकडे कोजिमा रिंगमध्ये उभा असतो, रक्ताच्या चिळकांड्या उडत असतात, डोळे, नाक, ओठ एकमेकांत मिसळून गेलेले. त्सुदाचाही आकार केव्हाच गेलेला. एक विमावाला, एक मुष्टियोद्धा, सुरुवातीला चालण्यापासून बोलण्यापर्यंत वेगळे. आता दोघांची सूज सारखी, आणि त्या सुजेखाली ते प्रथमच भाऊ दिसतात.