गप्प, मुकाट, सामसूम : जालन्याच्या एमआयडीसीतून

शांततेच्या शब्दांची गोडी कळायची तर ते आवाजात ऐकावेत. त्यासाठी जालन्याच्या एमआयडीसीसारखी जागा नाही. इथे भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आहेत, आणि बिलेट तापवून त्यांच्या सळया काढणाऱ्या रोलिंग मिल. क्रेनच्या चुंबकातून भंगार सुटतं तेव्हा पायाखालची फरशी हादरते, आणि भट्टीची घरघर पाळी संपेपर्यंत कानात राहते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही हाताच्या खुणांनी बोलावं लागतं. अशा ठिकाणी कुणी 'शांत' म्हणालं, तर तो शब्द उगाच आलेला नसतो.

या वसाहतीच्या बोलण्यात शांततेचे इंग्रजी शब्द भरपूर आहेत. मोटारसायकलला सायलेन्सर असतो, फोन सायलेंटवर जातो, ऑनलाइन मीटिंगमध्ये साहेब म्यूटवर असतात, ऑफिसच्या मागे सायलेंट जनरेटर उभा असतो. खुद्द इंग्रजीत या शब्दांचं कुळ मोठं आहे. सायलेन्समध्ये आवाजच नसतो. क्वाएटमध्ये थोडा आवाज चालतो, फक्त त्याचा जाच नको. स्टिलनेसमध्ये हालचालही थांबलेली असते, आणि हश बहुधा गर्दीवर अचानक उतरते. एवढ्या सगळ्यांतून आपण प्रामुख्याने उचलले ते यंत्राला लागू पडणारे, बटण दाबलं की अंमलात येणारे शब्द. 'पिन ड्रॉप सायलेन्स' तेवढं माणसांच्या सभेत शिरलं, तेही आपल्या 'टाचणी पडली तरी ऐकू येईल'च्या शेजारी.

माणसांच्या शांततेसाठी मात्र मराठी अजून आपल्याच शब्दांकडे वळते. हे शब्द आवाज थांबल्याची नुसती नोंद करत नाहीत. कोण थांबलं, कुणापुढे थांबलं, स्वखुशीने की नाइलाजाने, हे सगळं ते एका दमात सांगतात. त्यांची खरी श्रीमंती मला इथे दिसते.

'गप्प' घ्या. मराठवाड्यात तो नुसता 'गप' होतो आणि आणखी टोकदार लागतो. 'गप बस' ही आज्ञा, 'गपगुमान काम कर' हा दम, आणि 'तो गप झाला' ही घटना. गप्प होण्याआधी बोलणं चालू होतं, हे त्यात गृहीत आहे. 'मुकाट'मध्ये तेही नाही. बोलायला जागाच नव्हती, म्हणून मान खाली. पगारातून खाडा कापला गेला आणि माणूस 'मुकाट्याने निघून गेला', एवढं वाक्य पुरतं. समोरच्याच्या हातात किती जोर होता, ते वेगळं सांगावं लागत नाही. 'ब्र काढला नाही'मध्ये भीती आहे. 'मूग गिळून बसला'मध्ये त्या माणसावर ठपका आहे, कारण त्याला बोलता येत होतं आणि बोलायला हवं होतं.

'मौन' याच्या उलट टोकाला. ते पाळायचं असतं, स्वतःच्या इच्छेने. गांधीजी सोमवारी पाळत ते मौन, आणि इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात साधक दहा दिवसांच्या शिबिरात पाळतात तेही मौन. आणि 'अबोला' तर मला या सगळ्यांत लाडका. त्याला दोन माणसं लागतात. तो धरावा लागतो, आणि जे धरलंय ते सोडताही येतं. परक्याशी कुणी अबोला धरत नाही. नातं शाबूत आहे, याची तो खूणच आहे.

ओसाड जागेसाठी शब्दांची वेगळी ओळ आहे: सामसूम, शुकशुकाट, 'चिटपाखरू नव्हतं'. यांत आवाजाइतकाच माणसांचा अभाव आहे. 25 मार्च 2020 पासून टाळेबंदी लागली तेव्हा गावोगावचे रस्ते याच शब्दांनी भरून गेले. जालन्यात एका पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर त्या मे महिन्यात रेल्वेमार्गाने चालत निघाले. थकून बदनापूर आणि करमाडच्या दरम्यान रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत, असं त्यांना वाटलं होतं. 8 मेच्या पहाटे मालगाडी आली आणि 16 जण गेले. 'सामसूम' या शब्दात सुरक्षिततेचं वचन कुठेच नाही. इथे कुणी नाही, एवढंच तो म्हणतो. त्या दिवसापासून जालन्याच्या संदर्भात हा शब्द मला हलक्या हाताने लिहिता येत नाही.

मेलेल्यांसाठी आपण शब्द निवडतो तो 'स्तब्ध'. 'दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली' असं म्हणतो, कारण नुसती जीभ थांबून भागत नाही, अंगही थांबायला हवं. 30 जानेवारीला सकाळी 11 वाजता हुतात्म्यांसाठी ही दोन मिनिटं पाळायची असतात, आणि भोंग्याची सोय असेल तिथे त्यांची सूचना भोंग्यानेच होते.

राहिला 'शांतता' हा शब्द. सगळ्यांत सोज्वळ दिसणारा, पण हुकूम होताच त्याचा स्वभाव बदलतो. विजय तेंडुलकरांनी 1967 मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकाला 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाव दिलं, तेव्हा सगळी ताकद त्या उद्गारचिन्हात ठेवली. खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात लीला बेणारेला आरोपी केलं जातं, आणि कोर्टाची शिस्त म्हणून मागितलेली शांतता एका बाईचं तोंड बंद करण्यापर्यंत पोचते. 'शांतता' आणि 'मुकाट' यांच्यातलं अंतर किती थोडं आहे, हे मराठीत इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी दाखवलं असेल.

कायद्याला हे बारकावे लागत नाहीत, त्याला आकडा लागतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक क्षेत्राला दिवसा 75 आणि रात्री 70 डेसिबलची मर्यादा आहे, तर रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयांभोवतीच्या शांतता क्षेत्राला 50 आणि 40. कारखान्याच्या आत आठ तासांसाठी 90 डेसिबलपर्यंत मुभा आहे. मोठ्या आवाजाने येणारा बहिरेपणा 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमातल्या रोगांच्या अनुसूचीत नोंदलेला होता. आकडे आवश्यकच आहेत. कान त्यांनीच वाचतात.

पण कान कुणाचे जात आहेत, हे ओळखायला शब्दांची पारख लागते. असा बहिरेपणा हळूहळू येतो. आधी बारीक, उंच स्वर गळतात, बोलण्यातली अर्धी अक्षरं निसटतात. माणूस उत्तर द्यायचं टाळतो, चहाच्या टपरीवर कडेला बसतो, घरी टीव्ही मोठा करतो. मग सोबतचे म्हणतात, 'शांत माणूस आहे.' इथे शब्द चुकतो. हा माणूस शांत नाही आणि त्याने मौनही धरलेलं नाही. त्याला ऐकू येत नाही, म्हणून तो गप्प झालाय. एवढा फरक पाळीवरच्या सुपरवायझरच्या लक्षात आला, तर त्याला कानाच्या तपासणीला वेळेवर पाठवता येईल, आणि त्याच्या जागी उद्या उभ्या राहणाऱ्या पोराच्या कानात पहिल्या दिवसापासून इअरप्लग असतील.