गुलाम, मुंडकार आणि भांडवल

मळ्यांवरील गुलामगिरीला भांडवलशाहीचे रूप म्हणावे काय, हा वाद एरिक विल्यम्स यांच्या १९४४ सालच्या 'कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी' या ग्रंथाने विशेष चेतविला. मराठी समीक्षेस तो परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांनाच अर्पण केला. पुढे मात्र हा शब्द इतका पसरट झाला, की गोमंतकीय कथेतील मुंडकारासही आपण सहज गुलाम म्हणून मोकळे होतो. हा सैलपणा आम्हांस मान्य नाही.

पेडणे व डिचोली हे नव्या काबिजादीतील महालच कसोटीस घेऊ. मुंडकार भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राही आणि त्या बदल्यात बहुधा राखण करी, बोलावणे येताच राबे. घर जाण्याचे भय हीच त्याची बेडी. परंतु त्याची स्वतःची विक्री होत नसे. मळ्यावरचा गुलाम विकत घेतला जाई, गहाण पडे, हिशेबवहीत मालमत्ता म्हणून नोंदला जाई. त्याने पिकविलेली साखर दूरच्या पेठेसाठी असे आणि नफ्यातून पुन्हा जमीन व माणसे खरीदली जात.

मुक्त वेतनी मजूर नाही तेथे भांडवलशाही नाही, हा आक्षेप वजनदार आहे. पण तो मजुरीचे रूप पाहतो, नफ्याची गती पाहत नाही. आमच्या मते मळा हा भांडवलशाहीचा अवयव होता. तिचे संपूर्ण शरीर नव्हे.

डिचोलीचा अनुभव यास पुष्टी देतो. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील लोहखनिज परदेशी जाऊ लागले. खाणीवर रोजगार घेणारा माणूस घरी परतताच भाटकाराचा मुंडकार ठरू शके. म्हणजे जुने बंध तुटेपर्यंत भांडवल थांबत नाही. ते त्यांना कामास जुंपते. १९७५ च्या मुंडकार कायद्याने प्रथम घरास संरक्षण दिले, यावरून त्या बंधाचे मर्म कशात होते हे उघड होते.

दामोदर कोसंबी यांनी १९६२ च्या 'मिथ अँड रिअॅलिटी'त जुन्या काबिजादीच्या गावसंस्थेची अशीच चिकित्सा केली आहे. गोमंतकीय कथेच्या समीक्षकाने करुणेपाशीच थांबू नये. कोण विकला गेला, काय विकले गेले आणि नफा कोठे गेला, हे तीन प्रश्न त्याने प्रत्येक पात्रास विचारावेत. दुःख सारखे दिसले, तरी त्याची कारणे सारखी नसतात.