फाइलनावांचे ‘शुद्धीकरण’ : एक चिकित्सा

युनिक्स प्रणालीत फाइलच्या नावात तिरपी रेघ व शून्य बाइट वगळता कोणतेही चिन्ह वर्ज्य नाही. शेल मात्र अवतरणचिन्हांविना लिहिलेल्या चलाचे मूल्य मोकळ्या जागेपाशी तोडते. यावर उपाय म्हणून अनेक स्क्रिप्टांत इंग्रजी अक्षरे व अंक सोडून प्रत्येक चिन्हाच्या जागी अधोरेषा घातली जाते. हा उपाय मूळ व्याधीहून घातक होय. त्यामुळे ‘रमा’ व ‘उषा’ ही नावे एकरूप होतात आणि नंतरची फाइल आधीची फाइल पुसून टाकते. वस्तुतः यूटीएफ-८ मधील देवनागरी अक्षराचा प्रत्येक बाइट १२७ हून मोठा असल्याने शेलला विशेष वाटणारे चिन्ह त्यात संभवतच नाही. चल दुहेरी अवतरणात ठेवणे, केवळ तिरपी रेघ बदलणे आणि विद्यमान फाइलवर लेखन रोखणे हाच विवेकी मार्ग ठरतो. दोष नावाचा नसून अवतरणाच्या अभावाचा आहे.