नाममुद्रा, विस्मरण आणि श्रेय : मादलेन व्हिओने व आयलीन ग्रे यांच्या कारकिर्दींचा तौलनिक विचार

प्रस्तावना

विसाव्या शतकातील युरोपीय उपयोजित कलेचा इतिहास बव्हंशी चरित्रांच्या रूपाने लिहिला गेला आहे. वस्त्रकल्पक असो वा फर्निचर घडविणारा कलावंत, त्याचे बालपण, उमेदवारी, पहिली यशस्वी कृती, उत्कर्ष आणि उत्तरायुष्य या क्रमाने त्याच्या कार्याची मांडणी केली जाते. या मांडणीत एक गृहीत दडलेले असते. ते असे की, जी कृती ज्याच्या नावावर आहे ती त्याचीच होय. चित्रावर सही असते आणि पुस्तकावर लेखकाचे नाव असते, त्यामुळे त्या क्षेत्रांत हे गृहीत बऱ्याच अंशी टिकते. पोशाख, खुर्ची आणि घर यांचे तसे नाही. या वस्तू अनेक हातांतून सिद्ध होतात आणि कर्त्याचे नाव वस्तूवर क्वचितच असते. ते लेबलावर, पेटंटच्या कागदावर, नोंदवहीत किंवा एखाद्या नियतकालिकाच्या पानावर असते. तो कागद हरवला की नावही हरवते, किंवा त्याच्या जागी दुसरे नाव येऊन बसते.

या दृष्टीने मादलेन व्हिओने (१८७६-१९७५) आणि आयलीन ग्रे (१८७८-१९७६) यांच्या कारकिर्दी शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. एक फ्रेंच वस्त्रकल्पक, दुसऱ्या आयरिश वंशाच्या फर्निचरकार आणि वास्तुकल्पक. दोघींची कर्मभूमी पॅरिस. दोघींनाही सुमारे अठ्ठ्याण्णव वर्षांचे आयुष्य लाभले. दोघींच्या कारकिर्दीत झाक दूसे हे नाव येते. दूसे हे पॅरिसमधील नामांकित पोशाखगृहाचे मालक आणि जाणते कलासंग्राहक होते. व्हिओने यांनी त्यांच्या पोशाखगृहात नोकरी केली, तर ग्रे यांची रोगणकामातील महत्त्वाची कृती त्यांनी विकत घेतली. उतारवयात दोघींच्याही वाट्याला विस्मरण आले. मात्र व्हिओने यांचे पोशाख दुसऱ्या कोणाच्या नावावर गेले नाहीत. ग्रे यांचे घर गेले. हा फरक का पडला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

व्हिओने : कापडाची रीत आणि नोंदीची शिस्त

व्हिओने यांचा जन्म फ्रान्समधील ल्वारे विभागातील एका खेड्यात, गरीब कुटुंबात झाला. बाराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडून त्यांनी शिवणकामाची उमेदवारी पत्करली. अल्पवयातील विवाह, तान्ह्या मुलीचा मृत्यू आणि विवाहविच्छेद यांनंतर त्यांनी लंडनमध्ये काही वर्षे काम केले. पॅरिसला परतल्यावर कालो भगिनींच्या पोशाखगृहात मारी जेर्बेर यांच्या हाताखाली आणि १९०७ पासून दूसे यांच्याकडे त्यांची कारागिरी परिपक्व झाली. १९१२ मध्ये त्यांनी स्वतःचे पोशाखगृह उघडले. महायुद्धामुळे ते १९१४ मध्ये बंद करावे लागले. युद्धानंतर ते पुन्हा सुरू झाले आणि १९२० च्या दशकात आव्हेन्यू माँतेन्य येथील भव्य वास्तूत गेले.

त्यांचे नाव ज्या रीतीशी जोडले जाते ती रीत म्हणजे उरेब कापणी. उभ्या व आडव्या धाग्यांच्या दिशेने कापलेले कापड फारसे ताणले जात नाही. तेच पंचेचाळीस अंशांच्या कोनात कापले की लवचिक होते आणि शरीराच्या ठेवणीप्रमाणे आपोआप ओघळते. उरेब कापड व्हिओने यांनी शोधून काढले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. गळपट्टी, झालर अशा किरकोळ भागांसाठी शिंपी ते पूर्वीपासून वापरीत होते. व्हिओने यांचे कर्तृत्व हे की, संपूर्ण पोशाखाची उभारणी त्यांनी या तत्त्वावर केली. कागदावर रेखाचित्र काढण्याऐवजी त्या एका लहान लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून पोशाखाची रचना ठरवीत आणि मग ती मोठ्या मापात उतरवीत. कॉर्सेटच्या आधाराविना उभा राहणारा पोशाख यातून शक्य झाला.

याच रीतीतून एक अडचण उद्भवते, तिच्याकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. उरेब कापलेला पोशाख अंगावरून उतरवून टेबलावर ठेवला की त्याचा आकारच नाहीसा होतो. उरतो तो कापडाचा एक ढीग. त्यामुळे त्याचे वर्णन करणे कठीण आणि मालकी सिद्ध करणे त्याहून कठीण. दुसरीकडे पॅरिसच्या पोशाखांची चोरून नक्कल करणे हा त्या काळी मोठा व्यवसाय होता. फ्रान्समध्ये १९०९ च्या कायद्याने आकृतिबंध व नमुने यांना संरक्षण दिले होते. पण त्याचा लाभ ज्याच्याजवळ पुरावा असेल त्यालाच. व्हिओने यांनी हा पुरावा पद्धतशीरपणे निर्माण केला. प्रत्येक पोशाखाला क्रमांक दिला जाई आणि आरशांच्या साहाय्याने पुढची, मागची व बाजूची अंगे दिसतील असे त्याचे छायाचित्र घेतले जाई. अस्सल पोशाखाच्या लेबलावर सहीबरोबर व्हिओने यांच्या अंगठ्याचा ठसा असे. निरक्षराच्या सहीची जागा घेणारी ही खूण येथे कर्तृत्वाची राजमुद्रा झाली, हे लक्षणीय आहे.

१९३९ मध्ये पोशाखगृह बंद झाले आणि पुढील पिढीतील सामान्य वाचकाला त्यांचे नाव अपरिचित झाले. परंतु १९५२ मध्ये त्यांनी आपले पोशाख, कच्चे नमुने आणि छायाचित्रांचे खंड पॅरिसमधील वस्त्रकलाविषयक संस्थेला दिले. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दोन महायुद्धांच्या आगेमागे घडलेल्या वस्त्रकलेचे प्रदर्शन भरले तेव्हा व्हिओने हयात होत्या. पुढे बेटी कर्क यांनी प्रत्यक्ष पोशाखांचा अभ्यास करून त्यांच्या कापणीचे आराखडे सिद्ध केले. विस्मरणाचा पडदा दूर होताच कर्तृत्वाचा प्रश्न नव्याने सोडवावा लागला नाही, कारण त्याचे उत्तर आधीच नोंदलेले होते.

ग्रे : सांकेतिक नाव आणि परकी सही

ग्रे यांची वाट वेगळी होती. आयर्लंडमधील एनिस्कॉर्थीजवळच्या सधन घराण्यात त्या जन्मल्या, लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकल्या आणि पॅरिसमध्ये स्थायिक झाल्या. तेथे सेइझो सुगावारा या जपानी कारागिराकडून त्यांनी रोगणकामाची कष्टसाध्य विद्या आत्मसात केली. झाडाच्या चिकापासून केलेल्या रोगणाचे थरावर थर चढवायचे, प्रत्येक थर दमट हवेत वाळू द्यायचा आणि घासून पुढचा थर द्यायचा, अशी ही अत्यंत सावकाश प्रक्रिया. ‘ल देस्तँ’ या पडद्यावर त्यांनी आपले नाव व १९१४ हे वर्ष घातले. दूसे यांनी विकत घेतलेली कृती ती हीच.

सहीचा हा अपवाद वगळता ग्रे यांचे नाव त्यांच्या कामापासून सतत मागे सरकताना दिसते. १९२२ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये दालन उघडले, त्याला ‘झाँ देझेर’ हे एका काल्पनिक पुरुषाचे नाव दिले. १९२६ ते १९२९ या काळात रोकब्रून येथे भूमध्य समुद्राकाठी त्यांनी जे घर उभारले त्याचे नाव ‘ई-१०२७’. ई हे आयलीनचे आद्याक्षर. रोमन वर्णमालेतील दहावे, दुसरे आणि सातवे अक्षर म्हणजे अनुक्रमे झाँ, बादोविची आणि ग्रे. नावात दोघे आहेत, पण संकेत जाणणाऱ्यालाच ते दिसतात. घर वास्तुविषयक नियतकालिकाचे संपादक झाँ बादोविची यांच्या मालकीचे होते. १९२९ मध्ये त्यांच्याच नियतकालिकाने या घरावर विशेष अंक काढला, त्यात दोघांचीही नावे होती. घराच्या रचनेत बादोविची यांचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र ग्रे यांचे प्रमुख कर्तृत्व आज सर्वमान्य आहे.

या घरातील फर्निचर वास्तूपासून वेगळे काढता येत नाही. पोलादी नळ्या व काच यांचे, उंची कमीजास्त करता येणारे टेबल पलंगावर बसलेल्या माणसापर्यंत सरकते. भिंतीत बसविलेली कपाटे आणि हलते पडदे राहणाऱ्याच्या दिनक्रमानुसार जागेचा अर्थ बदलतात. घराला यंत्र मानणाऱ्या तत्कालीन विचाराला ग्रे यांनी या वस्तूंमधून दिलेले हे शांत उत्तर होते. तरीही १९३८-३९ मध्ये ल कॉर्बूझिए यांनी या घराच्या भिंतींवर मोठी चित्रे काढली, ती ग्रे यांना न विचारता. पुढे या चित्रांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली तेव्हा घराच्या कर्तीचे नाव त्यांत आले नाही. हे घर कधी बादोविची यांचे, तर कधी खुद्द ल कॉर्बूझिए यांचे म्हणून ओळखले जाऊ लागले.

ग्रे संकोची होत्या, प्रसिद्धीपराङ्मुख होत्या, असे याचे स्पष्टीकरण चरित्रकार देतात. ते असत्य नाही. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आपली बरीचशी खाजगी पत्रे नष्ट केली, हेही त्याच स्वभावाला धरून आहे. परंतु स्वभावाचे स्पष्टीकरण येथे अपुरे पडते. संकोची माणसाचे नाव विसरले जाईल. त्याच्या जागी दुसऱ्याचे नाव आपोआप येत नाही. त्यासाठी लिहिणारे, छापणारे आणि पडताळणी न करणारे लागतात. सारा भार कर्तीच्या स्वभावावर टाकला की ही मंडळी जबाबदारीतून सुटतात.

ग्रे यांचे पुनरागमन कसे झाले, हेही या संदर्भात बोलके आहे. १९६८ मध्ये जोसेफ रिक्वर्ट यांनी ‘दोमुस’ या इटालियन नियतकालिकात त्यांच्यावर लेख लिहिला. १९७२ मध्ये दूसे यांच्या संग्रहाचा पॅरिसमध्ये लिलाव झाला आणि ‘ल देस्तँ’ लोकांसमोर आले. ज्या कृतीवर त्यांनी सही केली होती, तिनेच त्यांचे नाव परत आणले. पुढे २००९ मध्ये वस्त्रकल्पक ईव्ह सँ लोराँ यांच्या संग्रहातील ग्रे यांची एक खुर्ची सुमारे २ कोटी १९ लाख युरोंना विकली गेली.

इंदूरचा दाखला

या प्रश्नाचा एक धागा मराठी वाचकाच्या परिचयाच्या प्रदेशाशीही जुळतो. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी जर्मन वास्तुकल्पक एकार्ट मुथेझियुस यांच्याकडून १९३० च्या दशकाच्या आरंभी माणिकबाग राजवाडा उभारून घेतला. त्याच्या सजावटीत ग्रे यांची ‘ट्रान्साट’ खुर्ची होती आणि ल कॉर्बूझिए, पिएर झानरे व शार्लोत पेरियाँ यांनी मिळून केलेली पहुडण्याची खुर्चीही होती. ‘ट्रान्साट’चे पेटंट ग्रे यांनी १९३० मध्ये घेतले होते. राजवाड्यातील हे फर्निचर १९८० मध्ये मोनाकोतील लिलावात विकले गेले. पण मूळ जागेपासून दूर जाऊनही त्या खुर्चीच्या कर्तृत्वाविषयी शंका उरली नाही. दुसरी खुर्ची दीर्घकाळ एकट्या ल कॉर्बूझिए यांच्या नावाने ओळखली गेली. तिचे पेटंट तिघांच्या नावे होते, म्हणूनच पेरियाँ यांचा वाटा पुढे ठामपणे मांडता आला. नोंद असूनही ती वाचली गेली नाही तर काय होते, याचे हे उदाहरण होय.

नावामागचे हात

येथपर्यंतच्या विवेचनातून नोंद हाच न्यायाचा मार्ग, असा निष्कर्ष निघतो. तथापि त्यालाही मर्यादा आहे. व्हिओने यांच्या पोशाखगृहात एके काळी हजारावर स्त्रिया काम करीत. त्यांच्यासाठी पगारी रजा, दवाखाना, पाळणाघर अशा सोयी होत्या, आणि त्या काळाच्या मानाने ही मोठीच गोष्ट होती. तरीही लेबलावर ठसा एकाच अंगठ्याचा. ग्रे यांच्या रोगणकामामागे सुगावारा यांचा हात होता आणि त्यांच्या गालिच्यांच्या निर्मितीत एव्हलिन वाइल्ड यांचा मोठा वाटा होता. विस्मृतीत गेलेल्या प्रतिभावंत स्त्रीचा शोध लावताना समीक्षा पुन्हा एकट्या प्रतिभावंताचीच मूर्ती घडवीत असेल, तर ग्रे यांच्यावर झालेला अन्याय तिने फक्त एक पायरी खाली ढकलला, असे म्हणावे लागेल. व्हिओने यांनी कालो भगिनींचे ऋण मोकळेपणाने मान्य केले होते. कर्तृत्व सांगण्याचे आणि ऋण सांगण्याचे धैर्य एकाच व्यक्तीत असू शकते, हे त्यावरून दिसते.

समारोप

विस्मरण आणि श्रेयाची अदलाबदल या दोन भिन्न घटना आहेत, हे या तुलनेतून स्पष्ट होते. पहिली काळाच्या ओघात कोणाच्याही वाट्याला येते आणि तिच्यावर इलाज असतो. दुसरी माणसांच्या लिहिण्यातून घडते आणि ग्रंथांतून, अभ्यासक्रमांतून, वर्गात दाखविल्या जाणाऱ्या चित्राखालच्या ओळीतून पुढे चालू राहते. व्हिओने यांनी आपल्या कलेचा पुरावा स्वतः सांभाळला. ग्रे यांनी तो सांभाळला नाही. परंतु कलावंताने पुरावा ठेवला नाही म्हणून अभ्यासकाला तो शोधण्यापासून सूट मिळत नाही. ‘ई-१०२७’ हे घर १९९९ मध्ये फ्रान्समधील सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात आले, २०१५ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि आज ते ग्रे यांच्या नावाने पाहिले जाते. भिंतींवरची ती चित्रेही तेथेच आहेत. ती पुसून टाकण्याची गरज नाही. ती कोणाच्या घरात, कोणाला न विचारता काढली गेली, एवढे त्यांच्याखाली स्पष्ट लिहिले गेले पाहिजे.