सुखवग्गातील दोन कथा आणि आजचे सुखशास्त्र

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस, गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कळंबा आहे. हे नाव लोकांना दोन कारणांनी परिचित आहे. एक म्हणजे तेथील तलाव. संस्थानकाळापासून या तलावाने कोल्हापूरची तहान भागविली. दुसरे म्हणजे मध्यवर्ती कारागृह. पहाटे तलावाकडे फिरावयास येणारे पुष्कळ असतात. वजन उतरावे, झोप लागावी, मनावरचा ताण कमी व्हावा, एवढीच त्यांची अपेक्षा असते. तेथून थोड्याच अंतरावर, भिंतीच्या आत, तारखेची आणि जामिनाची वाट पाहणारी माणसे असतात. सुखी कसे व्हावे, या प्रश्नाला या दोघांसाठी एकच उत्तर देता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो, त्याला एक प्रसंग कारण झाला. वर्षावासातील ग्रंथवाचनाच्या वेळी आम्ही मनाच्या शांतीविषयी काही बोललो. कार्यक्रम संपल्यावर एक तरुण उपासक जवळ आला व म्हणाला, “मन शांत ठिवा म्हणता सर, खरं हप्ता कोण शांत ठिवणार?” त्याच्या घरावर कर्ज होते. त्या वेळी आम्हास समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढे मूळ ग्रंथ पुन्हा वाचताना असे दिसले की, त्याच्या प्रश्नाची तथागतांनी आमच्यापेक्षा अधिक काळजीपूर्वक दखल घेतली आहे.

आज बाजारात सुखाविषयीची पुस्तके व व्याख्याने विपुल आहेत. त्यांचे सार थोडक्यात असे सांगता येईल : दुःख परिस्थितीत नसून तुमच्या विचारांत आहे, विचार बदला, म्हणजे जग बदलेल. हा उपदेश नवा वाटतो, परंतु मराठी मनाला त्याची घडण अपरिचित नाही. समर्थ रामदासांच्या ‘मनाच्या श्लोकां’तील अकरावा श्लोक आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केला आहे. जगात पूर्ण सुखी कोणी नाही, असे सांगून तो श्लोक मनाला बजावतो की, तुझे भोग हे तुझ्याच पूर्वसंचिताचे फळ आहे. श्लोकाचा पूर्वार्ध अनुभवाचा आहे आणि त्यास कोणी हरकत घेणार नाही. आमची हरकत उत्तरार्धास आहे. अस्पृश्याने आपले दुःख मागील जन्मीच्या कर्माचे म्हणून सोसावे, हीच शिकवण येथे शतकानुशतके दिली गेली. आजचे सुखशास्त्र मागील जन्माचे नाव घेत नाही, परंतु दोष पुन्हा दुःखिताच्याच पदरी टाकते. पूर्वी त्याचे संचित वाईट होते. आता त्याचे विचार नकारात्मक आहेत. दोन्ही ठिकाणी सावकार, मालक, जात आणि राज्यव्यवस्था मोकळी सुटते.

या पार्श्वभूमीवर धम्मपदातील पंधरावा वर्ग, सुखवग्ग, पाहण्यासारखा आहे. त्यात बारा गाथा आहेत. त्यांपैकी भुकेला सर्वांत मोठा रोग ठरविणारी गाथा आणि आरोग्याला सर्वश्रेष्ठ लाभ म्हणणारी गाथा या लागोपाठ येतात. अट्ठकथेने या दोन गाथांना दोन वेगळ्या कथा जोडल्या आहेत. या कथा एकत्र वाचल्या, तर सुखविषयक बौद्ध दृष्टीचे वैशिष्ट्य स्पष्ट होते.

पहिली कथा आळवी नगरातील गरीब शेतकऱ्याची आहे. भगवान आळवीस येणार हे कळताच त्याला उपदेश ऐकण्याची इच्छा झाली. पण त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधण्यात वेळ गेला आणि तो भुकेला, थकलेला असा सभेत आला. भोजन आटोपले होते, लोक उपदेशाची वाट पाहत होते. तथागतांनी प्रथम उरलेले अन्न त्याला वाढावयास सांगितले. त्याचे जेवण होईपर्यंत सारी सभा थांबली. त्यानंतर उपदेश झाला आणि त्या शेतकऱ्याला स्रोतापत्तिफल प्राप्त झाले. काही भिक्षू या गोष्टीवर कुरकुरले. भुकेने पीडित माणसाला धम्म समजणार नाही, हे तथागतांनी त्यांस समजावून सांगितले.

दुसरी कथा कोसलनरेश प्रसेनजिताची आहे. हा राजा अतिशय जेवत असे आणि जेवल्यावर भगवानांसमोर बसला असता पेंगत असे. त्याला तथागतांनी आहार कमी करावयास सांगितले. रोज थोडे थोडे अन्न कमी करीत राजाचे शरीर हलके झाले व चित्तही प्रसन्न झाले.

एकाला वाढावयास सांगितले, दुसऱ्याला कमी करावयास सांगितले. उपदेशक एकच, ध्येयही एकच, परंतु आरंभ वेगळा. कारण माणसांची स्थिती वेगळी. आजच्या सुखशास्त्राचा मुख्य दोष आमच्या मते येथेच आहे. प्रसेनजितासाठी असलेले औषध ते आळवीच्या शेतकऱ्याला देते. अल्पसंतुष्ट राहा, अपेक्षा कमी करा, हा उपदेश ज्याच्या ताटात अधिक आहे त्यास हितकर होय. ज्याच्या ताटात काहीच नाही त्यास तो सांगणे म्हणजे क्रूरता होय.

अट्ठकथा उत्तरकालीन आहे, म्हणून तिच्यावर किती भर द्यावा, अशी शंका अभ्यासक घेतील. ती रास्त आहे. म्हणून अंगुत्तर निकायातील दोन सुत्ते पाहू. अनणसुत्तात तथागत अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगतात. न्यायाने व कष्टाने मिळविलेले धन असणे हे अत्थिसुख. त्याचा उपभोग घेणे व सत्कर्मात विनियोग करणे हे भोगसुख. कोणाचे थोडेही देणे नसणे हे अनणसुख. आणि काया, वाचा व मन यांनी निर्दोष असणे हे अनवज्जसुख. कर्जाच्या हप्त्याची चिंता करणाऱ्या त्या तरुणाचे दुःख येथे स्वतंत्र नावासह नोंदले आहे. दुसरे इणसुत्त. त्यात दारिद्र्याचा पुढचा प्रवास क्रमाने दिला आहे : दरिद्री माणूस ऋण काढतो, मग व्याज चढते, मग तगादा लागतो, मग धनको पाठीस लागतो आणि अखेरीस बंधन प्राप्त होते. पुढे हा सारा क्रम श्रद्धा, लज्जा व प्रज्ञा यांच्या दारिद्र्याला उपमा म्हणून लावला आहे, हे खरे. तथापि दारिद्र्य व ऋण ही दुःखे आहेत, असे आधी स्पष्ट म्हटल्यावाचून ती उपमा उभीच राहत नाही.

हे सुत्त वाचताना आम्हास कळंब्याच्या भिंतीची आठवण होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या आकडेवारीनुसार भारतातील तुरुंगांत असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश माणसे कच्चे कैदी होती. त्यांचा अपराध सिद्ध झालेला नव्हता. जामीन मंजूर होऊनही जातमुचलक्याची रक्कम अथवा जामीनदार नाही, म्हणून आत राहणारे त्यांत असतात. अशा माणसाला दुःख तुझ्या विचारांत आहे, असे कोणत्या तोंडाने सांगावे?

येथपर्यंत आमच्या वाचकांची संमती सहज मिळेल. परंतु टीका केवळ इतरांवर करून भागणार नाही. सुखाचे खाजगी शास्त्र नाकारताना आपण मनाचा विचारच बाजूस सारला काय, हेही तपासले पाहिजे. आपल्या चळवळीत ध्यानसाधनेविषयी दीर्घकाळ वाद आहे. विपश्यना माणसाला सामाजिक प्रश्नापासून दूर नेते, असा एक पक्ष आहे. साधना हाच धम्माचा गाभा, असा दुसरा. एप्रिल १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात सत्यनारायण गोएंका यांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे एक हजार कैद्यांचे विपश्यना शिबिर झाले. क्रोध व सूड यांनी पोळलेल्या मनाला भिंतीच्या आतही काही थारा मिळू शकतो, हे त्यातून दिसले. त्याने खटला लवकर चालत नाही, हे खरे. पण खटला चालेपर्यंतचे दिवसही त्या माणसाला जगावयाचे असतात, हेही तितकेच खरे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा वाद आधीच ओलांडला होता. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीवर आक्षेप घेतला. ती मांडणी माणसाला आशा नाकारते, असे त्यांचे म्हणणे होते. मागील जन्मीच्या कर्माने आजचे दारिद्र्य ठरते, हा सिद्धान्तही त्यांनी अमान्य केला. त्याच ग्रंथात निब्बाणाचा अर्थ सांगताना त्यांनी आत्म्याच्या मोक्षाऐवजी जिवंत प्राण्याचे सुख पुढे आणले. ते सुख मरणोत्तर नसून याच संसारात, जिवंतपणी मिळवावयाचे आहे, असे म्हटले. आणि सतत पेटलेल्या विकारांच्या ज्वाळांवर ताबा ही त्याची अट ठेवली. पहिल्या दोन मुद्द्यांचा आपण अभिमानाने उच्चार करतो. तिसरा मुद्दा मात्र आपल्या भाषणांत क्वचित येतो. मन हे सर्वांचे केंद्र होय, हे तथागतांच्या शिकवणीचे वैशिष्ट्य म्हणून बाबासाहेबांनीच नोंदविले आहे.

या विस्मरणाची किंमत आपल्या घरांत मोजली जाते. परीक्षेत अपयश आलेला मुलगा बोलेनासा होतो, बाळंतपणानंतर सून उदास राहते, नोकरी गेलेला भाऊ रात्रभर जागतो. आणि आपण म्हणतो, ‘बाबासाहेबांनी किती सोसले, तुला एवढे सोसवत नाही?’ प्रेरणा देण्याच्या हेतूने काढलेले हे शब्द त्या माणसाला अधिक एकटे करतात. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत रोहित वेमुला गेला, २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. त्यांच्या मृत्यूंमागील संस्थात्मक भेदभावाविरुद्ध आपण रस्त्यावर आलो, ते योग्यच झाले. पण तशाच छळातून आज जाणाऱ्या मुलामुलींशी त्यांच्या जिवंतपणी बोलण्यासाठी आपल्या विहारांत आठवड्याची एक तरी संध्याकाळ राखून ठेवलेली असते काय?

कोल्हापुरास या बाबतीत एक मोठा दाखला आहे. गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू छत्रपतींच्या पागेत चाकरीस होते. पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना मारहाण झाली. पुढे महाराजांच्या साहाय्याने त्यांनी चहाचे दुकान काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा पिण्यास लोक येईनात, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथे चहा घेऊ लागले व बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. एक कप चहा ही रोजच्या जीवनातील साधी गोष्ट. पण तीत कष्टाच्या कमाईचे अत्थिसुख होते, आणि आपल्या हातचे कोणी निःशंकपणे घेते, या विश्वासाचेही सुख होते. आरोग्याच्या त्याच गाथेत विश्वासू माणसाला श्रेष्ठ नातलग म्हटले आहे, ते उगीच नव्हे.

मंगलसुत्ताचे आपण नेहमी पठण करतो. त्याचा क्रम ध्यानात घ्यावा. अनुकूल प्रदेशात वास, विद्या व शिल्प, आईवडिलांची सेवा, पत्नी-मुलांचा सांभाळ, निर्दोष व्यवसाय ही मंगले आधी येतात. लोकधर्मांच्या आघाताने न डगमगणारे चित्त अखेरीस येते. अखेरीस येते याचा अर्थ ते वगळावे असा नाही. अनणसुत्तातही पहिल्या तीन सुखांची गणना केल्यावर ती सारी निर्दोषतेच्या सुखाच्या सोळाव्या अंशाइतकीही नाहीत, असे सांगितले आहे. पण पहिली तीन गाळून थेट चौथ्यावर उडी घेतलेली नाही.

तो तरुण पुन्हा भेटला, तेव्हा आम्ही प्रथम त्याच्या कर्जाचे कागद पाहिले आणि बँकेच्या कामाची माहिती असलेल्या एका उपासकाची त्याच्याशी गाठ घालून दिली. झोप अजिबात लागत नाही, असे तो म्हणाला, तेव्हा सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात जाण्यात कोणताही कमीपणा नाही, असे सांगितले. १०  ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ या विनामूल्य सेवेचा १४४१६ हा क्रमांकही लिहून दिला. आनापानसतीविषयी आम्ही सर्वांत शेवटी बोललो. कर्ज अद्याप फिटलेले नाही. तो मात्र आता उपोसथाच्या दिवशी विहारात येऊन बसतो, आणि कार्यक्रम संपल्यावर लगेच उठून जात नाही.