आपली ओळ येईपर्यंत

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. स्वातंत्र्यदिनाच्या तयारीत नववीच्या मुलांना 'मिले सुर मेरा तुम्हारा' दाखवावे असे मनात आले. प्रोजेक्टर लावला. यूट्यूबवर गाणे क्षणात सापडले. पंडित भीमसेन जोशींचा स्वर लागला आणि मी नकळत खुर्चीत सरसावून बसलो. मिनिटभर झाले नसेल, तोच संगणकापाशी बसलेल्या मुलाने विचारले, "सर, ह्यात मराठी कुठं हाय?"

"येईल. शेवटाकडे आहे."

त्याने लगेच खालची पट्टी पुढे सरकवली. गाडीच्या खिडकीतली तनुजा दिसली, मराठी ओळ वाजली आणि संपली. "झालं सर," तो म्हणाला. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिच्या घरी कानडी बोलतात, ती म्हणाली, "आमची राहिली की सर!" मग तिच्यासाठी पट्टी मागे गेली. कानडी ओळही झाली. सुमारे सहा मिनिटांचे गाणे दोन मिनिटांत आटोपले. दोन्ही पक्ष समाधानी होते. असमाधानी होतो तो मी एकटाच.

या असमाधानाचे कारण शोधण्यासाठी हा लेख. 'आमच्या वेळी असे नव्हते' हे रडगाणे मला गायचे नाही. छोट्या पडद्यावरचे पूर्वीचे गाणे आणि आज हातातल्या मोबाइलवरचे गाणे, या दोहोंचा हिशेब मात्र एकदा मांडून पाहावा असे वाटते.

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले 2 ऑक्टोबर 1972 रोजी. मुंबईकरांचे 'छायागीत' आम्ही पाहुण्यांच्या तोंडून ऐकत होतो. आमच्या बोरगावच्या गल्लीत पहिला दूरदर्शन संच आला तो ऐंशीच्या दशकात, आणि त्यावर दिसले ते दिल्लीचे 'चित्रहार'. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास. त्यात दोन गाणी मनासारखी लागायची, बाकीची सोसायची. संच ज्यांचा होता ते घर कानडी, आणि ओसरीवर बसलेली निम्मी गल्ली मराठी. बटण फिरवायचा प्रश्नच नव्हता, कारण फिरवून दुसरे काही दिसत नसे.

त्या ओसरीवर 1988 साली 'मिले सुर' आले. 15 ऑगस्टला ते प्रथम दाखवले गेले. पीयूष पांडे यांचे शब्द, अशोक पत्की यांचे संगीत. चित्रपटासाठी नव्हे, तर पडद्यावर दाखवण्यासाठीच बांधलेले ते गाणे होते. 'म्युझिक व्हिडिओ' हा शब्द आमच्या कानावर येण्याआधीच आम्ही एक उत्तम म्युझिक व्हिडिओ पाहिला होता. त्याची रचना पाहा. भैरवीचा धागा एकच. प्रत्येक भाषेच्या वाट्याला थोडीच जागा. तमिळमागून कानडी येते, आणि मराठी येते ती गुजरातीच्याही नंतर. म्हणजे मराठी माणसाला आपली ओळ ऐकायची तर दहा-बारा भाषा ऐकाव्या लागतात. गाण्याचा सारा रस या थांबण्यात आहे. कानडी ओळ आली की घरमालक काका ताठ बसायचे. मराठी ओळ आली की आमची आई पदर सावरून हसायची. आणि तोवर ओसरीवरच्या पोरांना अर्थ न कळताही तमिळ आणि बंगाली ओळी पाठ झालेल्या असायच्या.

हा आमचा मनाचा मोठेपणा नव्हता, हेही कबूल केले पाहिजे. ती सक्ती होती. पण सक्तीने लागलेली सवय कधी कधी गुणासारखी वागते.

अमेरिकेत या प्रकाराचे घराणे थोडे आधीचे. 1 ऑगस्ट 1981 रोजी तिथे एमटीव्ही सुरू झाली. दिवसभर गाण्यांच्या चित्रफिती दाखवायच्या, आणि त्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनीच पुरवायच्या, असा तो व्यवहार. कंपनीला जाहिरात मिळाली, वाहिनीला कार्यक्रम. पण कोणाची चित्रफीत दाखवायची हे ठरवणारे हात मोजके होते. कृष्णवर्णीय कलावंतांना डावलल्याचा आरोप या वाहिनीवर झाला, आणि 1983 मध्ये मायकल जॅक्सनच्या 'बिली जीन'नंतर ते दार खऱ्या अर्थाने उघडले. आपले दूरदर्शनही याला अपवाद नव्हते. आमच्या भागातली धनगरी ओवी किंवा एकादशीचे भजन त्या पडद्यावर आम्ही कितीदा पाहिले? दारावर पहारेकरी असला की आत शिस्त राहते, पण बाहेर कोण राहिले याची नोंद कोणी ठेवत नाही.

1991 साली हाँगकाँगहून स्टारच्या उपग्रह वाहिन्या आल्या आणि त्यांच्याबरोबर एमटीव्ही आली. 1994 मध्ये तिच्या जागी चॅनल व्ही, 1996 मध्ये पुन्हा एमटीव्ही. 1995 मध्ये अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'ने गावोगावच्या पानपट्ट्यांपर्यंत मजल मारली. गाणे आता कानाआधी डोळ्यांत शिरू लागले. दर दोन सेकंदांनी दृश्य बदलायचे. तान कुठे घेतली याहून कपडे कोणते घातले याला महत्त्व आले. त्या वेळी शिक्षकांच्या खोलीत याविषयी जे उसासे टाकले जात, तेच उसासे आज मोबाइलविषयी टाकले जातात. शब्दही फारसे बदललेले नाहीत.

पण त्या काळातली एक गोष्ट आपण विसरलो आहोत, ती म्हणजे केबलवाल्याची स्वतःची वाहिनी. रात्री व्हिडिओवर कॅसेट लावायची, मधून फर्माइशीची गाणी, पडद्याखाली वाढदिवसाच्या शुभेच्छांची पट्टी, आणि यात्रेनंतर यात्रेची फीत. यूट्यूबचा खरा पूर्वज मला इथे दिसतो, अमेरिकेतल्या एमटीव्हीत नव्हे. आणि आमच्याकडच्या केबलवाल्याचे व्याकरण सरळ होते. वर्गणी मराठी घरातून येते तशी कानडी घरातूनही येते, तेव्हा एक गाणे यांचे लागले की पुढचे त्यांचे लागले पाहिजे. त्याला राष्ट्रीय एकात्मतेशी कर्तव्य नव्हते, महिनाअखेरच्या वसुलीशी होते. तरी काम तेच झाले. शेजाऱ्याचे गाणे आपल्या घरात वाजत राहिले.

यूट्यूबवर पहिली चित्रफीत चढली 23 एप्रिल 2005 रोजी. पुढच्याच वर्षी गूगलने ती कंपनी 165 कोटी डॉलर्सना घेतली. आमच्या गल्लीत तिचे खरे आगमन झाले ते सप्टेंबर 2016 नंतर, जिओचे फुकट इंटरनेट आले तेव्हा. तोवर गाणी मोबाइलच्या दुकानात कार्डावर भरून घ्यावी लागत.

या नव्या माध्यमाची जमेची बाजू मोठी आहे. गदगच्या मातीतून आलेले आणि पुण्यात स्थायिक झालेले भीमसेनजी मराठी अभंग गातात आणि 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा'ही गातात. दोन्ही एकाच रात्री, एकाच गळ्यातून ऐकायला मिळावेत, हे भाग्य माझ्या वडिलांना कधी लाभले नाही, मला लाभले. आमच्या गावच्या भजनाची फीत एका पोराने मोबाइलवर घेऊन चढवली, तर मुंबई-पुण्यात नोकरीला गेलेली गावची माणसे ती पाहतात. त्यासाठी कोणाही पहारेकऱ्याची परवानगी लागली नाही. चाळीस वर्षे जे नुसते पाहत होते त्यांना दाखवता येऊ लागले, हे थोडे नाही.

खर्चाची बाजूही तितकीच स्पष्ट आहे. पहिला खर्च अंतऱ्याचा. 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पण त्याची सवय रील्सच्या रूपाने राहिली. पंधरा-तीस सेकंदांत गाण्याचा तोंडवळा तेवढा दिसतो. कडव्यात कवीने काय म्हटले, संगीतकाराने चाल कुठे वळवली, हे मुलांच्या कानापर्यंत जातच नाही. एमटीव्हीवर कितीही टीका केली तरी तिथे गाणे बहुधा शेवटपर्यंत वाजत असे.

दुसरा खर्च अधिक खोल आहे. हे यंत्र काल तुम्ही काय पाहिले ते लक्षात ठेवते आणि आज तशाच प्रकारचे पुढे करते. केबलवाल्याची वर्गणी गल्लीची होती. याचा हिशेब माणसागणिक वेगळा. मराठी मुलाला मराठी आणि हिंदी, कानडी मुलीला कानडी. दोघे एका बाकावर बसतात, पण त्यांची गाणी एकमेकांना भेटत नाहीत. सीमाभागात ही भिंत उभारायला कुठल्या सरकारची गरज पडली नाही.

असे लिहून झाल्यावर मी थांबलो, कारण मला 2018 चे स्नेहसंमेलन आठवले. 'सैराट' 2016 चा. पुढच्या वर्षी त्याचा कानडी अवतार 'मनसु मल्लिगे' आला. नायिका रिंकू राजगुरूच, चाली अजय-अतुल यांच्याच. शाळेच्या मुलींनी 'झिंगाट'चा नाच बसवला होता: एक कडवे मराठीतले, एक कानडीतले, असे आळीपाळीने. दोन्ही फिती त्यांनी मोबाइलवरच शोधल्या, आणि जोडल्याही स्वतःच. काही पालक माझ्याकडे आले. "मराठी शाळेत हे कशाला?" त्यांच्या मनात कित्येक वर्षांची दुखणी होती, ती मला परकी नाहीत. पण मी समजावण्याच्या भानगडीत पडलो नाही. वाद नको म्हणून कानडी कडवी काढायला लावली. मुली काही बोलल्या नाहीत. नाच चांगला झाला, टाळ्याही पडल्या.

आज कळते की त्या मुलींनी आपले छोटे 'मिले सुर' बांधले होते, आणि पट्टी सरकवणारे पहिले बोट माझे होते. त्या नववीतल्या मुलाने वेगळे काय केले? यंत्र भिंत सुचवते, हे खरे. पण त्याच यंत्रातून त्या पोरींनी खिडकी काढली होती. ती बुजवली मी.

ऑगस्टच्या त्या दिवशी मी गाणे पुन्हा लावले. संगणकाला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली, आणि फळ्यावर भाषांची नावे लिहायला सांगितले. दोन वेळा ऐकावे लागले. तेलुगू आणि मल्याळमवरून भांडण झाले. ओडिया कोणालाच ओळखता आली नाही. कानडी ओळ आली तेव्हा मराठी मुलांनीच ओरडून सांगितले, आणि मराठी ओळीला सारा वर्ग गात होता.

यंदाच्या संमेलनासाठी मुलींनी पुन्हा दोन भाषांतले गाणे निवडले आहे. या वेळी दोन्ही भाषांतली कडवी राहतील. पालक विचारायला आले, तर त्यांच्याशी मी बोलेन.