देव्हाऱ्यांतील लाजवंती

फाळणीवर लिहिलेल्या कथा पुष्कळ आहेत. परंतु परक्याच्या हातून सुटून घरीं आलेल्या स्त्रीचें पुढें काय झालें, या प्रश्नापाशीं थांबणाऱ्या कथा थोड्या. जळतीं घरें, प्रेतांनीं भरलेल्या आगगाड्या, लुटलेले बाजार यांचें वर्णन लेखकाच्या लेखणींतून सहज उतरतें, कारण तें सर्वांच्या डोळ्यांसमोर घडलेलें असतें. दार लोटल्यावर आंत जें घडतें तें मात्र कोणास दिसत नाहीं. राजिंदरसिंग बेदी यांची ‘लाजवंती’ ही उर्दू कथा त्या लोटलेल्या दाराआड शिरते. बेदी हे पंजाबी. लाहोरच्या टपाल कचेरींत त्यांनीं कांहीं वर्षें नोकरी केली, फाळणीनंतर ते मुंबईस आले, चित्रपटांसाठीं लिहूं लागले व १९८४ सालीं मुंबईंतच वारले. म्हणजे घर सोडून येणें म्हणजे काय, हें त्यांस कोणी सांगावें लागलें नाहीं.

कथेंतील घटना साधी आहे. सुंदरलालची बायको लाजो दंगलींत पळविली गेली. ती घरीं असतां सुंदरलाल तिला क्षुल्लक कारणांवरून मारीत असे. ती गेल्यावर त्याला पश्चात्ताप होतो. मोहल्ल्यांत पुनर्वसनाची समिती स्थापन होते, सुंदरलाल तिचा चिटणीस होतो आणि परत आलेल्या स्त्रियांना हृदयांत स्थान द्या असें सांगत प्रभातफेऱ्या काढतो. देवळांतले बाबा सीतात्यागाचा दाखला देतात, तेव्हां भर सभेंत त्यांना उलट उत्तर देण्याचें धैर्यही तो दाखवितो. पुढें लाजो खरोखरच परत येते. सुंदरलाल आपल्या शब्दाला जागतो. तो तिला घरांत घेतो, तिच्यावर हात उगारीत नाहीं, तिला ‘देवी’ म्हणूं लागतो. लाजो आपली हकीकत सांगूं पाहते, तेव्हां झालें गेलें विसरून जाण्यास तो तिला सांगतो. तिचें बोलणें तेथेंच खुंटतें. घर पुन्हां वसतें, आणि लाजो आंतल्या आंत उद्ध्वस्त होते.

या कथेंतील सर्वांत भेदक जागा म्हणजे नवराबायकोचा तो लहानसा संवाद. त्या दुसऱ्या पुरुषानें तुला मारलें काय, असें सुंदरलाल विचारतो. लाजो सांगते कीं त्यानें मारलें नाहीं, तरी त्याची भीति फार वाटे. तुम्ही मारीत होतां, पण तुमची भीति वाटत नसे. आणि लगेच ती विचारते कीं आतां तर मारणार नाहीं ना? आमच्या मतें सगळी कथा या प्रश्नांत सांठवलेली आहे. परक्या पुरुषाच्या घरांतून सुटून आलेली स्त्री आपल्या घराच्या उंबरठ्यावर पहिली चौकशी करते ती नवऱ्याच्या हाताची! गांवानें, समितीनें, सरकारनें तिच्यावर झालेला एकच अत्याचार मोजला. तिच्या हिशेबीं ते दोन होते.

कित्येक वाचक या कथेचा भलताच अर्थ लावतात. लाजोला पूर्वीचा मारकुटा नवराच हवा होता, पूजा करणारा नको होता, असें म्हणून ते स्त्रीस्वभावावर दोन शेरे मारून मोकळे होतात. आम्हांस हें मुळींच मान्य नाहीं. लाजोला हवें होतें तें गाजरावरून भांडावें आणि मुळ्यावरून समजूत पटावी असलें बरोबरीचें जिणें. भांडणांत तिला निदान बोलण्याची जागा होती. देव्हाऱ्यांत ती उरली नाहीं. देवीला नैवेद्य मिळतो, फुलें मिळतात. तिला विचारीत मात्र कोणी नाहीं. तथापि या गैरसमजाचा थोडा दोष बेदींकडेही जातो. लग्नानंतरच्या मारहाणीचें चित्र त्यांनीं जरा हौसेनें रंगविलें आहे. मार खाऊनही चटकन हंसणारी खेडवळ पोर त्यांना मोहविते. तें हंसूं आनंदाचें कीं शहाणपणाचें, हा प्रश्न त्यांनीं विचारलेला नाहीं. ज्या घरांतून निघून जाण्यास वाट नाहीं, त्या घरांत हंसणें हा जीव वांचविण्याचा एक उपाय असतो. एवढा सूक्ष्म लेखक येथें चुकला, हें सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

सुंदरलालची समिती कल्पित असली तरी तिचा मासला खरा आहे. ६ डिसेंबर १९४७ रोजीं दोन्ही देशांत पळविलेल्या स्त्रियांविषयीं करार झाला; १९४९ सालीं भारतांत त्याचा कायदा झाला व तो १९५७ पर्यंत चालला. भारतांत सुमारें ५०,००० मुसलमान आणि पाकिस्तानांत सुमारें ३३,००० हिंदु व शीख स्त्रिया अडकल्या असाव्यात, असा अंदाज त्या वेळीं होता. त्यांपैकीं सुमारें ३०,००० परत आणल्या गेल्या. परंतु तुला जावयाचें आहे काय, या प्रश्नाच्या उत्तरास कायद्यानें किंमत दिली नव्हती. मृदुला साराभाईंच्या हाताखालीं लाहोरास काम केलेल्या कमळाबेन पटेल यांनीं आपल्या गुजराती आठवणींत त्या कामांतील करुणा आणि सक्ती दोन्ही नोंदविल्या आहेत. त्या स्त्रियांकडे बसून त्यांचें म्हणणें विस्तारानें ऐकणारीं उर्वशी बुटालिया यांचें आणि ऋतु मेनन व कमला भसीन यांचें अशीं पुस्तकें १९९८ सालीं निघालीं. म्हणजे लाजोचें बोलणें पुरें ऐकण्यास आपल्याला पन्नास वर्षें लागलीं!

पंजाबांतून एकदम आफ्रिकेंत जाणें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु बेदींनीं जो प्रश्न उघडा टाकला त्याचें उत्तर शोधण्याचा एक प्रामाणिक यत्न तिकडे झालेला आहे. टांझानियाच्या वायव्येस न्यारुगुसु नांवाची निर्वासितांची छावणी १९९६ सालीं उभी राहिली. कांगोंतील युद्धामुळें पळून आलेल्या ज्या स्त्रियांना नवऱ्याची मारहाण सोसावी लागत होती आणि ज्यांचें मन खचलें होतें, अशांसाठीं तेथें आठ बैठकांचा एक उपक्रम योजिला गेला व त्याचे निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाले. स्वाहिली भाषेंत त्याचें नांव ‘न्गुवु’, म्हणजे बळ. त्यांतील मर्म असें कीं, मनावरील उपचार आणि सुरक्षिततेविषयींचा सल्ला हीं दोन्ही एकाच क्रमांत गुंफलीं होतीं. युद्धाच्या आघातावरील उपचार सामान्यतः असें धरून चालतात कीं संकट मागें पडलें, आतां त्याची आठवण तेवढी शांत करावयाची. पण जिचें संकट रोज संध्याकाळीं घरीं येतें, तिला आठवणी शांत करण्यास सांगणें म्हणजे जळत्या घरांत निजण्यास सांगणें होय. घर कोणतें सोडावें, कोणाकडे जावें, लेंकरांचें काय, शिधा कोणाच्या नांवावर मिळतो, या गोष्टींचा विचार मनाच्या औषधाबरोबरच व्हावा लागतो. आणि ‘माझेंच कांहीं चुकलें असेल’ हा जो विचार अशा प्रत्येक स्त्रीच्या मनांत घर करतो, तो तिनें स्वतः तपासून पाहावा, यासाठीं तिला सोबत लागते.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१४ सालीं दवाखान्यांतील कामकऱ्यांसाठीं जी पुस्तिका काढली, तिचाही क्रम असाच आहे: आधीं ऐका, तिला काय हवें तें विचारा, तिच्यावर विश्वास दाखवा, तिची सुरक्षितता पाहा, मग पुढच्या मदतीशीं तिची गांठ घालून द्या. येथें एक पथ्य महत्त्वाचें आहे. ऐकणें म्हणजे वदवून घेणें नव्हे. लाजोला बोलावयाचें होतें, तिला गप्प केलें गेलें. दुसरीला कदाचित् बोलावयाचें नसेल, तिला छेडूं नये. दोहोंत निवड तिचीच असली पाहिजे. सुंदरलाल वाईट नव्हता. त्याचें चुकलें तें एवढेंच कीं काय विसरावें आणि केव्हां विसरावें हें त्यानें बायकोच्या वतीनें ठरवून टाकलें.

निर्वासितांचा हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाहीं. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत आलेल्या सिंधी कुटुंबांनीं वसविलेल्या गांवास १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें. त्यांच्या उद्योगशीलतेचें कौतुक आपण मनापासून केलें. बराकींतल्या पडद्याआडचे संसार कसे चालले होते, हें आपण क्वचितच विचारलें. ‘लाजवंती’ वाचून डोळे ओले होतात, हें तिचें यश खरेंच. परंतु त्या ओल्या डोळ्यांनीं आपण पुन्हां एखादी देवीच घडविणार असूं, तर बेदींनीं लिहिलेलें आपण वाचलें नाहीं. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरांतली स्त्री कांहीं सांगावयास लागली आणि मध्येंच थांबली, तर ‘जाऊं द्या, विसरा’ हे शब्द ओठांवर येण्याआधीं या कथेची आठवण व्हावी, एवढें झालें तरी पुष्कळ झालें.